पंचवीस सेंटांचे पुस्तक

(अहिल्यानगर जिल्ह्यातील ग्रंथालय कार्यकर्त्यांसमोर केलेले भाषण)



अर्थशास्त्राचा एक निवृत्त शिक्षक समलिंगी प्रेमाच्या स्वस्त कादंबऱ्यांवर बोलणार म्हटल्यावर काहींच्या भुवया उंचावल्या आहेत. परंतु पुस्तक हाही एक माल आहे. तो कोण छापतो, कसा पोहोचवतो आणि जोखीम कोणाच्या माथी पडते, हे पाहणे माझ्या विषयाबाहेरचे खचितच नाही.

१९५२ साली अमेरिकेत ‘स्प्रिंग फायर’ ही दोन तरुणींच्या प्रेमाची कादंबरी निघाली. किंमत पंचवीस सेंट. लेखिका मॅरिजेन मीकर यांनी ती टोपणनावाने लिहिली. प्रकाशकाची अट एकच : शेवट सुखाचा नको, नाहीतर टपालखाते गठ्ठे अडवील. म्हणून एका नायिकेला वेड लागले आणि दुसरीने आपले प्रेमच नाकारले. तरीही दहा लाखांवर प्रती खपल्या. पुढे १९५८ मध्ये तेथील सर्वोच्च न्यायालयाने ‘वन’ या समलिंगी मासिकाला टपालाची वाट मोकळी करून दिली, आणि १९६६ च्या ‘साँग ऑफ द लून’मध्ये दोन पुरुषांचे प्रेम सुखाने नांदू शकले. प्रकाशकांना एकाएकी उदार बुद्धी सुचली असे मला वाटत नाही. माल अडकण्याचा धोका कमी झाला, इतकेच.

आपल्याकडे स्वस्त पुस्तकांचा बाजार नव्हता काय? बाबूराव अर्णाळकरांच्या रहस्यकथा गावोगाव पोहोचल्याच होत्या. पण त्या बाजाराने या वाचकाकडे पाहिले नाही. पाहिले ते र. धों. कर्व्यांनी. ‘समाजस्वास्थ्य’ त्यांनी १९२७ पासून १९५३ पर्यंत पदरमोड करून चालविले. वाचकांच्या लैंगिक शंकांना, त्यांत समलिंगी संबंधांविषयीच्याही, उत्तरे दिली म्हणून १९३४ मध्ये त्यांच्यावर खटला झाला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी त्यांची बाजू मांडली. तरी दंड झालाच. पुढे पुण्यात २००२ मध्ये समपथिक ट्रस्ट स्थापन करणाऱ्या बिंदुमाधव खिरे यांनी ‘पार्टनर’ ही कादंबरी लिहिली. बाजाराने टाळलेली जोखीम पुन्हा एका माणसानेच उचलली.

आणि माझे काय? सचिन कुंडलकरांची ‘कोबाल्ट ब्लू’ २००६ मध्ये आली, तेव्हा मी एका ग्रंथालयाच्या खरेदी समितीवर होतो. यादीतले ते नाव मीच खोडले. “वाद नको,” एवढेच कारण दिले. टपालखाते नव्हते, खटला नव्हता. माझी पेन्सिल पुरली. त्या वर्षी माझ्या वर्गात बसणाऱ्यांपैकी कोणाला ते पुस्तक हवे होते, हे मला आता कळणे नाही.

प्रौढांच्या संमतीने झालेल्या समलिंगी संबंधांना गुन्हा ठरविणारा कलम ३७७ चा धाक २०१८ मध्ये गेला. आपल्या नव्या खरेदीच्या याद्या व्हायच्या आहेत. ही दोन नावे मी कागदावर लिहून आणली आहेत. जाताना अध्यक्षांकडे देतो.