मजकूर आणि हुकूम
(महोत्सवाच्या सभेतील भाषण)



आम्ही दूरसंचाराविषयी दोन शब्द बोलावे, अशी कार्यवाहांची आज्ञा झाली. विषय यंत्राचा असला तरी घरोघरच्या वडीलधाऱ्यांच्या उपयोगाचा आहे, म्हणून ती आज्ञा आम्ही शिरोधार्य मानली.

पत्रातला मजकूर वाचणाऱ्यासाठी असतो, पाकिटावरचा पत्ता टपालवाल्यासाठी. इंटरनेटवरून मजकूर लहान लहान पुडक्यांनी जातो, त्यांचेही तसेच आहे. प्रत्येक पुडक्याच्या माथ्यावर निदान २० बाइटांची नोंद असते; ते कोठून निघाले आणि कोठे जावयाचे, हे तीत असते. मजकूर माणसासाठी आणि नोंद यंत्रासाठी. ही नोंद म्हणजे यंत्राला दिलेला हुकूमच होय.

मजकूर आणि हुकूम यांची गल्लत झाली म्हणजे काय होते, हे अमेरिकेने अनुभविले. तेथे लांब पल्ल्याच्या रिकाम्या दूरध्वनी-तारेवर सेकंदास २६०० कंपनांचा सूर वाजत असे. तो ऐकला की पलीकडचे यंत्र समजे, बोलणे संपले. परंतु माणसाचा आवाजही त्याच तारेतून जाई! १९६० नंतरच्या काळात काही चलाख तरुणांनी तोच सूर शिटीने काढून फुकट फोन लावले. हुकूम कोणाचा, हे यंत्राला कळेना. अखेर १९७६ पासून तेथील एटी अँड टी कंपनीने हुकुमांसाठी निराळी वाट घालण्यास आरंभ केला.

तरीही एक वाट आपल्या बोटांखाली उरलीच. मोबाइलवर स्टार २१ स्टार, मग एखादा क्रमांक आणि शेवटी हॅश दाबणे, हे फोन लावणे नव्हे; ‘माझे सर्व फोन तिकडे वळवा’ असा तो हुकूम आहे. ठग कुरिअरवाल्याची बतावणी करून तो आपल्याच हातून देववितात. मग फोनवरून सांगितला जाणारा बँकेचा ओटीपी त्यांच्या कानी पडतो. यास्तव दूरसंचार विभागाने १५ एप्रिल २०२४ पासून ही सोय स्थगित ठेवण्याचा आदेश कंपन्यांना दिला.

पण आदेशाहून आपली सावधगिरी मोठी. अनोळखी माणसाचे बोलणे ऐकून घ्यावे. त्याच्या सांगण्यावरून कळ मात्र दाबू नये. शंका आल्यास सेटिंग्जमध्ये ‘कॉल फॉरवर्डिंग’ पाहावे. जमत नसल्यास घरातल्या मुलाबाळांस विचारावे, त्यात कमीपणा नाही.