गल्लीतले गाणे आणि दरबारचा तुरा

रायपूरच्या जुन्या भागात तात्यापारा नावाची वस्ती आहे. ‘तात्या’ ही मराठी घरातली हाक आणि ‘पारा’ हा मोहल्ल्याला छत्तीसगढी शब्द. दोन भाषांचा शेजार ह्या एका नावात साठवलेला आहे. अठराव्या शतकात नागपूरकर भोसल्यांचा अंमल छत्तीसगढावर बसला आणि त्यांच्या मागोमाग आलेली मराठी कुटुंबे ह्या मुलखात रुजली. अशा एखाद्या घरी आज नातू रॅप म्हणू लागला, तर आजोबांचा प्रश्न ठरलेला असतो: “ह्याला गाणे म्हणतात काय? आणि कोणी बक्षीस तरी दिले आहे काय ह्याला?” प्रश्न उपहासाचा खरा, परंतु नातवाच्या नादाला घरात जागा मिळणार की नाही, हे पुष्कळदा त्याच्याच उत्तरावर ठरते. म्हणून त्याचा विचार गंभीरपणे केला पाहिजे.

बक्षिसे मिळाली आहेत. ती कशी मिळाली, हा इतिहास बोधप्रद आहे. न्यूयॉर्क शहराच्या ब्रॉन्क्स भागात ऑगस्ट १९७३ मध्ये झालेल्या एका लहानशा मेळाव्यात हिपहॉपचा जन्म झाला, असे मानतात. ठेक्यावर यमके जुळवीत लयीत बोलणे, ह्याला रॅप म्हणतात. अमेरिकेच्या संगीतव्यवसायात ग्रॅमी हा फार मोठा मान. त्याच्या यादीत रॅपला स्वतंत्र स्थान मिळाले ते १९८९ साली, म्हणजे जन्मानंतर सोळा वर्षांनी. आणि तेही कसे? पुरस्कार द्यावयाचा, परंतु तो दिला जात असतानाचे दृश्य दूरचित्रवाणीवर दाखवावयाचे नाही! त्या वर्षीचे मानकरी विल स्मिथ आणि जॅझी जेफ समारंभाला गेलेच नाहीत. आमंत्रण देऊन ओसरीवर वाढलेले पान त्यांनी नाकारले.

पुढे पाहुणा माजघरात आला, तरी यजमानाचा संकोच लगेच सुटला नाही. २०१४ साली केंड्रिक लामार ह्या कलावंताला ग्रॅमीची सात नामांकने मिळाली आणि पुरस्कार एकही मिळाला नाही. रॅपसंग्रहाचा मान ज्या जोडीला मिळाला, तिच्यातील मॅकलमोर ह्यानेच केंड्रिकला संदेश पाठवून, हा मान खरा तुझा होता, अशी कबुली दिली. २०१६ साली अकरा नामांकने आणि पाच पुरस्कार केंड्रिकच्या पदरात पडले. २०१८ साली त्याच्या ‘डॅम’ ह्या संग्रहाला संगीताचा पुलित्झर पुरस्कार लाभला. अभिजात संगीत आणि जॅझ ह्यांच्या बाहेरच्या रचनेला तो मान तेव्हा प्रथमच मिळाला. चार वर्षांपूर्वी रिक्त हातांनी परतलेल्या माणसाची कला एका रात्रीत वाढली नव्हती. परीक्षकांचे कान मात्र तयार होत गेले होते.

मुंबईतही ह्याच नाटकाचा एक प्रवेश झाला. अंधेरीच्या वस्तीत वाढलेला व्हिव्हियन फर्नांडिस ‘डिव्हाइन’ ह्या नावाने हिंदीत रॅप करू लागला. २०१५ साली नेझी ह्या साथीदाराबरोबर त्याने केलेल्या ‘मेरे गली में’ ह्या गाण्याने गल्लीतले बोलणे शहरभर नेले. २०१९ च्या ‘गली बॉय’ ह्या चित्रपटाला दोघांच्या जीवनाची प्रेरणा होती. ह्या चित्रपटाने २०२० साली तेरा फिल्मफेअर पुरस्कार मिळविले. त्यांतील गीतलेखनाचा पुरस्कार ‘अपना टाइम आएगा’ ह्या गीतासाठी डिव्हाइन आणि अंकुर तिवारी ह्यांना मिळाला. त्याच विभागात ‘तेरी मिट्टी’ ह्या गीताचे कवी मनोज मुंतशिर हेही होते. त्यांनी आपली नाराजी जाहीर केली आणि पुरस्कारसमारंभांना यापुढे जाणार नाही, असे सांगितले. हा वाद दोन गीतांपुरता नव्हता. गल्लीची बोली कविता ठरते काय, हा जुना प्रश्न त्यातून नव्याने पुढे आला.

मराठी माणसाला हा प्रश्न परका वाटू नये. कलगी-तुऱ्याच्या फडात डफाच्या ठेक्यावर शाहीर एकमेकांना कोडी घालीत आणि प्रतिपक्षाने जागीच उत्तर रचावे, अशी अपेक्षा असे. शक्तीला श्रेष्ठ मानणारे कलगीवाले, शिवाला श्रेष्ठ मानणारे तुरेवाले. चंदेरीच्या राजाने दोघा कवींना आपल्या पागोट्यावरील कलगी आणि तुरा बक्षीस दिला, म्हणून ही नावे पडली, अशी आख्यायिका आहे. म्हणजे पंथांची नावेच मुळी बक्षिसांची! परंतु फडात कोण जिंकला, ह्याचा निवाडा रात्रभर जागणारा श्रोता करीत असे.

आणि तात्यापाराच्या आजोबांना तर त्यांच्याच मुलखातील उदाहरण पुरेसे आहे. १९५६ साली भिलाईजवळच्या गनियारी गावी पारधी समाजात जन्मलेल्या तीजनबाई पंडवानी गाऊ लागल्या. स्त्रियांनी ती बसून गावी, असा रिवाज होता. तीजनबाई पुरुषांसारख्या उभ्या राहून कापालिक शैलीत गाऊ लागल्या. हातातला तंबोरा कधी भीमाची गदा होई, कधी अर्जुनाचे धनुष्य. गाण्यापायी त्यांना समाजाने बाहेर काढले. तेराव्या वर्षी केलेल्या पहिल्या कार्यक्रमाचे मानधन होते दहा रुपये. पुढे पद्मश्री, १९९५ साली संगीत नाटक अकादमीचा पुरस्कार, २००३ साली पद्मभूषण, २०१८ साली जपानचा फुकुओका पुरस्कार आणि २०१९ साली पद्मविभूषण, असे मान त्यांच्याकडे चालत आले. त्यांना वाळीत टाकले गेले, त्या दिवशीही त्यांची पंडवानी पंडवानीच होती.

पुरस्कार व्यर्थ आहेत, असा ह्याचा अर्थ नव्हे. पुरस्काराने बंद घराची दारे उघडतात, कलावंताची भाकरी सुटते, त्याच्या पाठीमागून येणाऱ्यांची वाट रुंद होते. नामांकनसुद्धा थोडे नसते. इतके दिवस ज्याचे नाव घेतले जात नव्हते, त्याचे नाव निदान सभेत उच्चारले जाते. परंतु पुरस्कार देणाऱ्याने कलावंताला केव्हा ऐकले, एवढेच पुरस्काराची तारीख सांगते. कला केव्हा जन्मली, हे ती सांगत नाही.

तेव्हा आजोबांनी नातवाला बक्षिसाचा प्रश्न विचारण्यापूर्वी एकदा समोर बसवून घ्यावे आणि त्याचे गाणे अखेरपर्यंत ऐकावे. ते आवडले नाही, तर तसे मोकळेपणाने सांगावे. फडातला श्रोताही तेच करीत असे. नातवाने शब्द स्वतःचे आणले आहेत काय, आपल्या वस्तीची खूण त्यांत आहे काय, एवढे मात्र पाहावे. तशी खूण असेल, तर दरबारचा तुरा येईल तेव्हा येवो. पहिली दाद घरातूनच मिळालेली बरी.