तो दोन कशाचा?

रविवारची सुट्टी मोडून एसटीने, दुचाकीने इथवर आलेल्या माझ्या गणिताच्या शिक्षक बंधू-भगिनींनो,

सातवी-आठवीला शिकवणाऱ्या एका शिक्षकाला आपण या खुर्चीत बसवलंत, त्याबद्दल आभार. प्रस्तावना लांबवत नाही. जेवणाची वेळ दीडची ठरली आहे आणि गणिताच्या शिक्षकांना घड्याळ चांगलं कळतं.

नाशिकला गणिताचं संमेलन भरतं तेव्हा पहिलं नमन दत्तात्रेय रामचंद्र कापरेकरांना. १९३० ते १९६२ ते नाशिकजवळच्या देवळालीला शाळेत शिकवत होते. चार अंकी संख्या घ्यायची, सगळे अंक सारखे नकोत. अंक उतरत्या क्रमाने लावायचे, त्यातून चढत्या क्रमाची संख्या वजा करायची, आलेल्या उत्तरावर पुन्हा तेच. ३५२४ घेतली तर ५४३२ वजा २३४५ म्हणजे ३०८७. पुढे ८३५२, त्यापुढे ६१७४, आणि तिथून गाडी हलायचं नाव घेत नाही. जास्तीत जास्त सात पायऱ्यांत कोणतीही संख्या तिथेच येऊन थांबते. १९४९ साली मद्रासच्या गणित परिषदेत त्यांनी हे मांडलं. मोठ्या गणितज्ञांनी फारशी दखल घेतली नाही. १९७५ साली मार्टिन गार्डनर यांनी ‘सायंटिफिक अमेरिकन’मधल्या आपल्या सदरात लिहिलं, तेव्हा देवळालीच्या मास्तरांचं नाव जगभर गेलं.

सहावीच्या वर्गाला हा खेळ दोन तासिका द्या. खर्च शून्य. दुसऱ्या तासिकेला कुणीतरी विचारतंच, “सर, प्रत्येक उत्तराला नऊने भाग कसा काय जातो?” माझ्या हिशेबी प्रकल्प तिथे सुरू होतो. त्याआधी चालू होती ती वजाबाकीची उजळणी.

आता तालुक्याच्या विज्ञान प्रदर्शनात चला. परीक्षक म्हणून आपल्यापैकी पुष्कळजण जातात. टेबलांच्या रांगेत दोन वस्तू हमखास दिसतात: हात पुढे केला की झाकण उघडणारी कचरापेटी आणि अंध व्यक्तीसाठी आवाज करणारी काठी. दोन्हींत एकच अल्ट्रासोनिक सेन्सर, दोन डोळे असल्यासारखा दिसणारा. मुलं घडाघडा माहिती सांगतात, पाठ केलेली. मी मोबाईलवर किंवा लॅपटॉपवर त्यांचा कोड उघडायला लावतो. अंतर काढायच्या ओळीत बहुधा हे असतं: मिळालेला वेळ गुणिले ०.०३४, भागिले २. मी विचारतो, “बाळा, तो दोन कशाचा?” मुलगा शेजारच्याकडे बघतो, शेजारचा बाईंकडे बघतो.

उत्तर सातवीच्या आवाक्यातलं आहे. ध्वनी हवेतून सेकंदाला सुमारे ३४० मीटर जातो, म्हणजे सेकंदाच्या दशलक्षाव्या भागात ०.०३४ सेंटिमीटर. आवाज समोरच्या वस्तूवर आपटतो आणि परत येतो. वेळ जाण्या-येण्याचा मोजलाय, अंतर एका बाजूचं हवंय, म्हणून निम्मं. वेग, वेळ, अंतर, एकक-रूपांतर आणि दशांश अपूर्णांक, आपला अर्धा अभ्यासक्रम त्या एका ओळीत भरलाय. पण ती ओळ यूट्यूबवरून जशीच्या तशी उतरवली, झाकण उघडलं, टाळ्या पडल्या, ढाल मिळाली. गणिताला कुणी आत बोलावलंच नाही.

मला आज एवढंच सांगायचं आहे. प्रकल्प केला की गणित आपोआप येतं, हा समज सोडून द्यावा. गणितावाचून पुढे सरकताच येणार नाही, असा प्रश्न शिक्षकाने मुद्दाम निवडावा लागतो. बाकी सगळं हस्तकला. हस्तकलेला माझा विरोध नाही, पण तिचा तास वेगळा आहे.

ही पद्धत काही काल जन्मली नाही. अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ किलपॅट्रिकचा ‘प्रकल्प पद्धती’वरचा निबंध १९१८ सालचा. आपण सगळ्यांनी डी.एड., बी.एड.ला प्रकल्प पद्धतीचे गुण-दोष पाठ करून पाच मार्कांसाठी लिहिलेत. करून शिकण्याची पद्धत घोकून शिकणारे आपणच!

आपल्या घरचं उदाहरण वर्ध्याचं. १९३७ च्या ऑक्टोबरात तिथे शिक्षण परिषद झाली आणि झाकिर हुसेन समितीने गांधीजींच्या नव्या तालमीचा अभ्यासक्रम आखला. मुलाच्या हाती टकळी आली. सुताचा अंक म्हणजे लांबीचं वजनाशी गुणोत्तर. सूत जितकं बारीक तितका अंक मोठा आणि तेवढ्याच लांबीचं वजन कमी. व्यस्तप्रमाण बोटांना कळत होतं. पुढे १९८३ साली डॉ. श्रीनाथ कलबागांनी पाबळला विज्ञान आश्रम काढला आणि गावाच्या गरजेची कामं शाळेच्या मुलांकडून करवून घेतली. अरविंद गुप्तांनी आगपेटीच्या काड्या आणि सायकलची व्हॉल्व्ह ट्यूब एवढ्यावर भूमिती उभी केली. तीन काड्यांचा त्रिकोण ताठ राहतो, चार काड्यांचा चौकोन दाबला की कलतो. हे ज्याने हाताने केलंय, त्याला पुलाच्या कैच्यांमध्ये त्रिकोण का असतात हे वेगळं सांगावं लागत नाही.

टकळी-काड्यांवरून आजच्या रोबोटकडे यायचं तर धागा गणितज्ञ सीमोर पॅपर्टकडे जातो. १९६७ साली त्यांनी आणि सहकाऱ्यांनी मुलांसाठी लोगो ही संगणकभाषा केली आणि पुढे जमिनीवर चालणारं कासव तिच्या आज्ञेत ठेवलं. कासवाकडून समभुज त्रिकोण काढून घ्यायचा म्हटलं की मुलं ‘६० अंश वळ’ सांगतात आणि षटकोन होतो. वळायचं असतं ते बाहेरच्या कोनातून, १२० अंश. फळ्यावर चार वेळा सांगून न उतरणारा बाह्यकोन कासव एका चुकीत शिकवतं. पॅपर्टच्या १९८० च्या ‘माइंडस्टॉर्म्स’ या पुस्तकाचं नाव लेगो कंपनीने १९९८ साली आपल्या रोबोट किटला दिलं, आणि २०२२ च्या अखेरीस ते किट बंदही केलं. किटं येतात-जातात. बाह्यकोनांची बेरीज ३६० च राहते.

आता माझ्या वर्गात काय चालतं ते थोडं सविस्तर सांगतो. दोन पिवळ्या बीओ मोटरी, ६५ मिलिमीटर व्यासाची दोन चाकं, पुढे एक कॅस्टर, एक आर्डुइनो बोर्ड, मोटर ड्रायव्हर आणि सेल, एवढ्याची एक गाडी. प्रश्न एका ओळीचा: गाडी बरोबर एक मीटर जाऊन थांबली पाहिजे. फरशीवर खडूने दोन रेघा. चाक मोजणारा सेन्सर मी देत नाही, फक्त मोटर किती वेळ चालू ठेवायची ते मुलांनी ठरवायचं.

मुलं एक सेकंद गाडी चालवून बघतात. समजा २२ सेंटिमीटर गेली. लगेच त्रैराशिक: शंभराला साधारण साडेचार सेकंद. गाडी सोडतात आणि ती दुसरी रेघ ओलांडून तेरा सेंटिमीटर पुढे जाऊन उभी राहते. मग भांडण. “तुझं गणित चुकलं”, “सेल नवे आहेत”, “फरशीला उतार आहे”. मी मध्ये पडत नाही. दोन सेकंदांना किती, तीनला किती, हे मोजायला सांगतो. ४८ येतात, मग ७४. तक्ता वहीत उतरतो, आलेख कागदावर बिंदू पडतात. बिंदू सरळ रेषेत आहेत, पण पट्टी लावून रेषा मागे वाढवली तर ती आरंभबिंदूतून जात नाही. दर सेकंदाला २६ वाढतात आणि सुरुवातीला ४ कमी पडतात, कारण मोटर सुरू होताच गाडीला वेग येत नाही. म्हणजे हवे चार सेकंद. समप्रमाण आणि नुसता रेषीय संबंध यांतला फरक नववी-दहावीतही पुष्कळांना उमगत नाही. इथे तो तेरा सेंटिमीटरच्या रूपाने जमिनीवर दिसतो, रागही येतो. पुढच्या आठवड्यात सेल उतरले की २६ चे २३ होतात आणि पुन्हा मोजावं लागतं. तेव्हा माझं काम फक्त फूटपट्टी पुढे करण्याचं.

दुसरा प्रश्न काटकोनात वळण्याचा. एक चाक पुढे, एक मागे, गाडी जागेवर फिरते. दोन चाकांतलं अंतर १३ सेंटिमीटर असेल तर काटकोनासाठी प्रत्येक चाकाला किती फेरे? मुलं पाय (π) घालून लांबलचक हिशेब मांडतात आणि शेवटी पाय दोन्हीकडून उडून जातो. १३ ही ६.५ ची दुप्पट, म्हणून बरोबर अर्धा फेरा. एका मुलीने वहीत लिहिलं होतं, ‘पाय लागलाच नाही’, आणि खाली दोनदा अधोरेखित केलं होतं.

या गोड बाजूखेरीज कडू बाजूही सांगायला हवी. ज्याचे पाढे पाठ नाहीत, दशांश चिन्ह कुठे सरकतं ते ज्याला कळत नाही, तो मुलगा प्रकल्पात सेलोटेप कापत बसतो. सरावाला पर्याय नाही. प्रकल्पवाल्यांनी सरावाची टिंगल थांबवावी आणि शिष्यवृत्तीवाल्यांनी प्रकल्पाला वेळेचा अपव्यय म्हणणं थांबवावं. गटात पाहिलंत तर आणखी एक गोष्ट दिसेल: स्क्रू पिळतात मुलगे आणि सुबक अक्षरात अहवाल लिहितात मुली. बाई, सर, दर आठवड्याला कामं फिरवा. मुलींच्या हाती स्क्रूड्रायव्हर आपणहून येत नाही, द्यावा लागतो.

आणि साहित्य. २०१६ पासून अटल टिंकरिंग लॅबसाठी शाळांना २० लाखांपर्यंत अनुदान मिळतं, सहावी ते बारावीच्या मुलांसाठी. चांगली योजना आहे. पण काही शाळांत किट कपाटात, कपाटाला कुलूप आणि किल्ली साहेबांच्या ड्रॉवरमध्ये अशी अवस्था मी पाहिली आहे. त्यात शिक्षकाला दोष देऊ नका. मोटर जळाली की डेड स्टॉक रजिस्टर घेऊन खुलासा त्यालाच लिहावा लागतो. मुलांच्या हातून मोटर जळणारच. जळाऊ, तुटाऊ साहित्याची नोंद खडूसारखी खर्ची पडली पाहिजे, एवढं अधिकाऱ्यांनी मान्य केलं तर निम्मी कुलुपं उघडतील.

संध्याकाळी खुल्या अधिवेशनात ठराव येतील. त्यात एक माझाही घ्यावा. प्रदर्शनात पन्नासपैकी दहा गुण यंत्राला आणि चाळीस मुलांच्या वहीला असावेत: खाडाखोड केलेल्या, फसलेली मोजमापं तशीच ठेवलेल्या वहीला. सहावी ते आठवीला आठवड्यातून एकदा गणिताची जोड तासिका मिळावी. आणि साहित्य मोडलं म्हणून कुठल्याही शिक्षकाकडून वसुली होऊ नये. सूचक म्हणून माझं नाव लिहा. अनुमोदनाला तुमच्यातून कुणीतरी उभं राहावं, ही विनंती.