आधी आपल्या वेदीवरच्या मूर्ती



  एकोणिसाव्या शतकात मराठी ख्रिस्ती लेखकांनी मूर्तिपूजेच्या खंडनावर भरपूर शाई खर्च केली. त्या वादाचा रोख शेजाऱ्याच्या देव्हाऱ्याकडे होता. आजही तोच सूर लावून आपल्यातले काही जण टाळ्या मिळवतात. मला तो मान्य नाही. दुसऱ्याच्या देव्हाऱ्याकडे बोट दाखवण्याचा अधिकार आपण गमावला आहे, कारण आपल्याच वेदीवर मूर्ती बसल्या आहेत.

पवित्र शास्त्रातला पितळेचा साप आठवा. रानात सर्पदंशाने माणसे मरू लागली, तेव्हा देवाच्याच आज्ञेने मोशेने तो घडवून खांबावर लावला. त्याच्याकडे पाहणारे वाचले. पुढे कित्येक पिढ्यांनी लोक त्याच्यापुढे धूप जाळू लागले आणि हिज्कीया राजाने तो फोडून टाकला. मोशेच्या हातची वस्तू, तरी फोडली! देवाने दिलेल्या देणगीचीही मूर्ती होते, आणि ती फोडायला सर्वांत जास्त धैर्य लागते.

आपल्या मिशनच्या मालमत्तेचे हेच झाले आहे. शाळा, दवाखाने, वसतिगृहे चालावीत म्हणून या जागा मिळाल्या. आज मंडळीच्या सभेत वचनापेक्षा सातबारा, ट्रस्टचा चेंज रिपोर्ट आणि धर्मादाय आयुक्तांकडची पुढची तारीख यांचीच चर्चा अधिक. रविवारी एकाच मेजावर प्रभुभोजन घेणारे दोघे सोमवारी कोर्टात वादी-प्रतिवादी म्हणून उभे राहतात. दवाखाना बंद पडतो, त्याच्या जागेचा दावा मात्र जोरात चालतो.

दुसरी मूर्ती जातीची. मुलगी पाहायला पाहुणे येतात. प्रार्थनेने सुरुवात होते. मुलगी शिकलेली, उपासनेला नियमित, सगळे पसंत. चहा संपता संपता कोणीतरी हळूच विचारते, "पण तुम्ही मूळचे कोण?" उत्तर ऐकून चेहरे बदलतात आणि "कळवतो" म्हणून पाहुणे उठतात. १९५० च्या राष्ट्रपतींच्या आदेशाने दलित ख्रिस्ती बांधवांना अनुसूचित जातींच्या सवलतींबाहेर ठेवले. त्याविरुद्ध आपण मोर्चे काढतो, ते काढलेच पाहिजेत. पण सरकारकडे न्याय मागणाऱ्या तोंडाने स्वतःच्या बैठकीत हा प्रश्न कसा विचारवतो?

तिसरी मूर्ती पैशाची. पौलाने कलस्सैच्या मंडळीला लिहिताना लोभाची गणना मूर्तिपूजेतच केली आहे. तरीही मोठमोठ्या मांडवांतून आश्वासने दिली जातात : इतके अर्पण करा, अनेक पटींनी परत मिळेल. डोके टेकायला जागा नसलेल्या प्रभूच्या नावाने बंगल्याची आणि मोटारीची हमी! आजारी लेकराच्या आईला कर्ज काढायला लावून घेतलेले अर्पण देवाला पोचत नाही, हे व्यासपीठावरून सांगायला आपण का घाबरतो?

मला सांगितले जाते की आपण अल्पसंख्य आहोत, काळ कठीण आहे, घरातली लक्तरे वेशीवर टांगू नका. पण बाबेलचे संकट यरुशलेमेवर घोंगावत असताना यिर्मया संदेष्टा मंदिराच्या दाराशी उभा राहून आपल्याच लोकांना सुनावत होता : मंदिराच्या भिंती तुम्हाला वाचवणार नाहीत. संकटकाळात गप्प बसणे ही संदेष्ट्यांची रीत नव्हे.

आपल्या घरातही उदाहरण आहे. कवी रेव्हरंड ना. वा. टिळकांनी १९१७ साली मिशनची नोकरी सोडली आणि साताऱ्याला 'देवाचा दरबार' सुरू केला. बाप्तिस्मा न घेतलेल्या ख्रिस्तभक्तालाही तिथे जागा होती. पगार, पद, संस्था यांपैकी काहीही त्यांनी ख्रिस्ताहून मोठे मानले नाही.

त्यांचा वारसा सांगणारे आपण काय लिहितो? गौरवांक, स्मरणिका आणि सत्कारांचे वृत्तान्त. मंडळीतल्या जातीवर कथा नाही, जमिनीच्या भांडणावर कादंबरी नाही, अर्पणाच्या बाजारावर परखड लेख नाही. ही लेखणीची लाचारी आहे.

म्हणून लेखकांना माझे सांगणे आहे : आपल्याच मंडळीबद्दल खरे लिहा. संपादकांनो, वर्गणीदार तुटतील या भीतीने ते परत पाठवू नका, छापा. पाळकांनो, ते वेदीवरून वाचून दाखवा. आणि घरी लग्नाचा विषय निघेल तेव्हा "मूळचे कोण" हा प्रश्न कोणालाही विचारू देऊ नका. आधी ही मूर्तिपूजा थांबवा, मगच जगाला उपदेश करायला बाहेर पडा.