मुंबईची तहान आणि आपली जमीन

(संघटनेच्या युवक शिबिरात आमच्या गटाने मांडलेल्या भाषणाचा मजकूर. शिबिराला येता न आलेल्या पाड्यांसाठी इथे देत आहोत. वाचता येणाऱ्याने रात्रीच्या बैठकीत मोठ्याने वाचावा.)



शिबिरात आमच्या गटाला 'शहराची वाढ' हा विषय मिळाला. तेव्हा आमच्यातलाच एकजण म्हणाला, आपण पाड्यावरची माणसं, आपल्याला शहराचं काय करायचंय? आम्हांलाही ते पटलं होतं. पण माहिती गोळा करत गेलो तसं कळलं की मुंबईची वाढ मुंबईत होतच नाही. ती आपल्या तालुक्यात होते.

१९५१ साली मुंबईत ३० लाखांच्या आसपास माणसं होती. १९९१ च्या शिरगणतीत ती ९९ लाखांवर गेली. म्हणजे चाळीस वर्षांत तिपटीहून जास्त. एवढ्या माणसांना पाणी लागतं, विटा लागतात, रेती लागते, लाकूड लागतं, आणि आता हवा खायला जागाही लागते. हे सगळं येतं कुठून?

आधी पाण्याचं बघू. मुंबईने पहिल्यांदा आपल्या घरातलं पाणी घेतलं. विहार तलाव १८६० चा, तुळशी १८७९ चा, पवई १८९१ चा. ते पुरेना म्हणून १८९२ साली आपल्या शहापूर तालुक्यात तानसा बांधलं. मग १९५७ साली वैतरणेवर मोडकसागर. मग १९७३ च्या सुमाराला वर इगतपुरीकडे अप्पर वैतरणा. मग भातसा. दर वेळी शहर आणखी आत, आणखी वर आलं. आज रोज शेकडो कोटी लिटर पाणी मुंबईला जातं.

आणि घरातल्या पाण्याचं शहराने काय केलं? पवईचं पाणी घाण करून टाकलं, ते आता प्यायला चालत नाही. विहार-पवईच्या पाण्यातून निघणारी मिठी नदी, तिचा नाला केला. मुंबईत वर्षाला ऐंशी इंचांवर पाऊस पडतो, तो गटारातून समुद्राला जातो. आपल्याकडून नेलेल्या पाण्यातलाही निदान पाचवा हिस्सा गळतीत आणि चोरीत जातो. आपल्या घरात मडकं फुटकं असलं तर आई आधी मडकं बदलते, दुसऱ्याच्या विहिरीवर हक्क सांगत नाही.

हे नुसतं कागदावरून सांगायचं नाही म्हणून गेल्या शिमग्याआधी आम्ही सहाजण, चार पोरगे आणि दोन पोरी, तानसाच्या पाइपाच्या कडेने चालत मुंबईला गेलो. सोबत भाकरी, सुकी मासळी आणि एक वही.

पहिल्या दिवशी जे पाहिलं ते तुम्हांला नवीन नाही. पाइप एवढा जाड की बैलगाडी आत जाईल. त्याच्या बाजूलाच पाडा. पाड्यातल्या बाया नदीच्या पात्रात झिरा खणून वाटीवाटीने हंडा भरतात. एक म्हातारी म्हणाली, "पोरांनो, रात्री पाइपाला कान लावला का पानी बोलतं. आमच्याशी नाय बोलत, पुढं जातं." जिथे सांधा गळतो तिथे पोरं घागर धरतात. माणूस आला की पळतात. आपल्याच डोंगरातलं पाणी चोरून भरायचं.

मग भिवंडी तालुका ओलांडला. तिथे वीटभट्ट्या लागल्या. एका भट्टीवर आमच्याच गावचं कातकरी कुटुंब भेटलं. पावसाळ्यात घरात दाणा नव्हता तेव्हा मालकाचा माणूस पाड्यावर येऊन उचल देऊन गेला. दिवाळी झाल्यावर ट्रकने सगळ्यांना घेऊन आले. नवरा-बायको, दोन पोरं, मध्यरात्रीपासून मातीत. आठवड्याला खर्ची मिळते. हजार विटांमागे किती, ते विचारलं तर म्हणाले, हिशोब शेवटी होतो. आणि शेवटी काय होतं? अंगावर बाकी फिरते, म्हणजे पुढच्या वर्षी परत तीच भट्टी. वेठबिगारी बंद करणारा कायदा १९७६ चा आहे. मुंबईच्या उंच इमारती त्या विटांच्या आहेत. तिथली थोरली पोर नऊ वर्षांची, शाळेत नाव आहे, पण शाळा पाड्यावर आणि पोर भट्टीवर.

आपल्या म्हाताऱ्यांना आठवत असेल, आधी गवताचंही असंच होतं. डहाणू-उंबरगावचं गवत मुंबईच्या तबेल्यांत जायचं. १९४५ साली वारली माणसांनी पुरी मजुरी मिळाल्याशिवाय गवत कापायचं नाही असं ठरवलं. तलवाड्याला गोळीबार झाला, जेठ्या गांगड आणि त्यांचे साथी गेले. पण मजुरी वाढली. शहराला आपली गरज आहे, हे आपल्या आजांना तेव्हाच कळलं होतं.

कशेळीची खाडी ओलांडून ठाणं, मग मुलुंड. तिथे आम्हांला वाटलं होतं की आता नळच नळ दिसतील. दिसल्या त्या पाइपाला टेकून बांधलेल्या झोपड्या. ताडपत्री, पत्रे, मधून चिंचोळी वाट. आम्ही प्यायला पाणी मागितलं तर एका बाईने अर्धा तांब्या दिला आणि म्हणाली, विकत घेते मी, डब्यावर पैसे देऊन. ती जालन्याकडची, दुष्काळात गाव सोडून आलेली. तिच्या घराची भिंत म्हणजे आपल्या तानसाचा पाइप. तिला नळ नाही, कारण तिच्याकडे कागद नाही.

हे ऐकून आमच्यातल्या दोघी रडल्या. मुंबईवर राग घेऊन गेलो होतो. पण मुंबईतली निम्म्याच्या आसपास माणसं अशीच राहतात. त्यांच्याशी आपलं भांडण नाही. आपलं भांडण वाटपाशी आहे. एका बाजूला बागेला, गाड्या धुवायला पाणी आणि एका बाजूला डब्याने विकत. जमिनीचंही तेच. संपानंतर बंद पडलेल्या गिरण्यांची शेकडो एकर जमीन शहराच्या मध्यावर पडली होती. १९९१ च्या नियमाप्रमाणे ती मोकळी झाली तर तिचा एक वाटा गरिबांच्या घरांना मिळायला हवा होता. तो मिळाला का, ते गिरणी कामगारांनाच विचारा. जागा नाही म्हणून शहर पसरत नाही. आतली जागा गरिबाला द्यायची नाही म्हणून पसरतं.

शेवटच्या दिवशी आरे कॉलनीत गेलो. आमच्यातल्या एकीची मावशी तिथल्या पाड्यात दिलेली आहे. आपलेच वारली लोक. तांदळाच्या पिठाने चौक काढतात, कणसरीला मानतात. मावशी म्हणाली, "आम्ही मुंबईत नाय आलो. मुंबई आमच्यावर आली." आज त्यांना झोपडपट्टीवाले म्हणतात. ज्यांच्या आजाने तिथे भात लावला, त्यांनाच तुम्ही कधीपासून राहता त्याचा पुरावा मागतात.

साथींनो, मावशीची आजची गोष्ट ती आपली उद्याची. म्हणून आता जमिनीकडे येतो.

आपल्या रस्त्याच्या कडेला फार्महाऊसच्या पाट्या लागायला लागल्यात. दलाल मोटरसायकलवर फिरतात. जमीन महसूल कायद्याचं कलम ३६-अ सांगतं की आदिवासीची जमीन बिगर-आदिवासीला सरकारच्या मंजुरीशिवाय घेता येत नाही. म्हणून दलाल दुसऱ्या आदिवासीच्या नावावर कागद करतात, आणि कुंपण मुंबईच्या शेठचं. एका पाड्यात भावाने पोराच्या आजारपणात पाच हजार घेतले, अंगठा दिला. आता त्याच्याच शेतात तो माळी आहे. आपल्यालाही बोललं पाहिजे. लग्नात, दारूत, हौसेने जमीन देणारेही आपल्यात आहेत.

दुसरं मोठं. डॉ. माधव चितळे यांच्या समितीने १९९४ साली मुंबईसाठी मध्य वैतरणा, गारगाई आणि पिंजाळ अशी आणखी तीन धरणं सुचवली. वाडा, मोखाडा, जव्हार, हा आपलाच मुलूख. तेव्हा धरणग्रस्तांसाठी १९८६ चा पुनर्वसन कायदा होता. पण तो विचारायचा, सातबारा कुठाय? आपल्यातल्या कितीतरी घरांची नागली-वरई फॉरेस्ट प्लॉटवर आहे. जंगलखात्याच्या लेखी आपण अतिक्रमणवाले. आपण चार झाडं तोडली तर केस, पण धरणात हजारो झाडं बुडवायची तर दिल्लीहून परवानगी मागता येते. आज प्लॉट आपल्या नावावर झाला नाही, तर पाणी चढेल त्या दिवशी आपण तिथे नव्हतोच असं लिहिलं जाईल. आपली जमिनीची लढाई आणि मुंबईचं पाणी या दोन गोष्टी नाहीत, एकच आहे.

आम्हांला शहर नको असं नाही. आपली पोरं तिथे शिकतात, दवाखान्याला आपण तिथेच जातो. पण जे शहर स्वतःचं मडकं सांधत नाही आणि दर वीस वर्षांनी नवा डोंगर मागतं, ते टिकणार नाही, आणि आपल्यालाही टिकू देणार नाही.

तर प्रत्येक पाड्याने इतकं करायचं:

१. फॉरेस्ट प्लॉटचे जुने दंड, पावत्या, जबाब, जे असेल ते जपून ठेवायचं. दंडाची पावती हाच आपला पुरावा. चुलीत घालू नका.

२. मोजणीवाले आले तर गावाची बैठक झाल्याशिवाय दगड रोवू द्यायचा नाही. कोण आला, कधी आला, ते वहीत लिहायचं.

३. कोऱ्या कागदावर अंगठा नाही. ३६-अ मोडून गेलेल्या जमिनींची यादी तालुका कमिटीकडे द्यायची.

४. भट्टीवर जाणाऱ्या कुटुंबांची नावं, उचल आणि मालकाचं ठिकाण जाण्याआधी लिहून ठेवायचं.

५. पाइपाच्या आणि तलावाच्या कडेच्या प्रत्येक पाड्याला आधी नळ, मग नव्या धरणाची बोलणी. आधी गळती थांबवा, मग आमच्याकडे या.

मुलुंडच्या त्या बाईला आम्ही आमच्या मेळाव्याचं बोलावणं देऊन आलोय. ती म्हणाली, येईन, पण परत जायला गाडीभाडं लागेल. तेवढं आपण जमवू. पाण्याच्या मोर्च्यात पाइपाच्या दोन्ही टोकांची माणसं एकत्र चालली पाहिजेत.

पुढची बैठक बाजाराच्या दिवशी, बाजार उठल्यावर. कागद घेऊन या.

जिंदाबाद.