शिकून आलेली ताई गावात राहील कुठं?

आपल्या जळगाव-धुळ्याच्या खेड्यांतल्या मुली आता आरोग्याचं शिक्षण घेतात. बीएस्सी नर्सिंग किंवा बीएएमएसनंतर सामुदायिक आरोग्य शिकलेली मुलगी उपकेंद्रात समुदाय आरोग्य अधिकारी होऊ शकते. अजून शिकायचं असेल तर मुंबईच्या टाटा सामाजिक विज्ञान संस्थेत किंवा पुणे विद्यापीठात एमपीएच करता येतं.

शेवटच्या वर्षाच्या काही मुलींना आम्ही विचारलं, "पुढं काय गं?" त्या म्हणाल्या, "गावात काम आवडेल, ताई. पण नोकरी कंत्राटी. उपकेंद्राजवळ खोली मिळेल का? रात्री बाळंतपणाला बोलावलं तर सोबत कोण येईल?" म्हणून बऱ्याच जणी नाशिक-पुण्याकडं बघतात. त्यांना नावं ठेवून काय उपयोग?

मैदानी भागात 5000 आणि आदिवासी, डोंगराळ भागात 3000 लोकांमागे एक उपकेंद्र, असं शासनाचं प्रमाण आहे. चोपडा, यावल, शिरपूरकडच्या सातपुड्यातल्या पाड्यांना बाळाची लस, गरोदरपणाची तपासणी, सिकलसेलची चाचणी यासाठी तेच जवळचं ठिकाण. तिथली ताई निघून गेली, की बाईला मजुरी बुडवून तालुक्याला जावं लागतं.

कंत्राटाचा प्रश्न सरकारनं सोडवायचा. पण चांगली खोली, रस्त्यावर दिवा, रात्री सोबतीला दोन बाया, एवढं आपले गट करू शकतात. येत्या ग्रामसभेत आणि गावाच्या आरोग्य समितीत हा विषय मांडा. आपली लेक परगावी नोकरीला गेली तर तिच्यासाठी जे मागू, तेच आपल्या गावात आलेल्या लेकीला देऊ.