देवमासे किनाऱ्याला का लागतात?

देवमासा किंवा डॉल्फिन किनाऱ्यावर आढळला की पहिला प्रश्न असतो तो जिवंत आहे की मेलेला. मेलेला असेल तर किनारा हे बहुधा त्याच्या मृत्यूचे ठिकाण नसते. तो अनेकदा भर समुद्रात आजाराने, जहाजाच्या धडकेने किंवा मासेमारीच्या जाळ्यात अडकून मेलेला असतो. हा प्राणी फुप्फुसांनी श्वास घेतो. जाळ्यात अडकून वर येता आले नाही, तर तो पाण्यातच गुदमरतो. पुढे वारा आणि प्रवाह कलेवर किनाऱ्याला लावतात. कोकणात पावसाळ्यातील नैऋत्य वारे हे काम करतात.

जिवंत प्राणी किनाऱ्याला लागण्याची कारणे अनेक आहेत. आजारी किंवा जखमी प्राण्याला खोल पाण्यात तोल सांभाळणे जड जाते. आईपासून तुटलेले पिलू भरकटते. मंद उताराच्या वाळूवरून प्रतिध्वनी नीट परतत नसल्याने, प्रतिध्वनीवरून वाट शोधणाऱ्या दात असलेल्या जाती फसत असाव्यात, असेही मानले जाते. पायलट व्हेलसारखे प्राणी कळपाची साथ सोडत नाहीत. त्यामुळे अख्खा कळप अडकतो. जानेवारी २०१६ मध्ये तामिळनाडूत तुतीकोरीनजवळ असे ऐंशीच्या आसपास पायलट व्हेल किनाऱ्याला लागले आणि त्यांतील चाळीसहून अधिक दगावले. मार्च २००० मध्ये बहामा बेटांवर सतरा प्राणी किनाऱ्याला लागले, ते अमेरिकी नौदलाच्या सोनार या ध्वनियंत्रणेमुळे.

 रायगड जिल्ह्यात रेवदंड्याला जून २०१५ मध्ये सुमारे ४२ फुटी निळा देवमासा जिवंत सापडला, पण वाचला नाही. पाण्यात असताना शरीराचा भार पाणी पेलते. वाळूवर तोच भार फुप्फुसांवर आणि स्नायूंवर येतो. कातडीखालच्या चरबीच्या जाड थरामुळे अंगातील उष्णता बाहेर पडत नाही. चिरडलेल्या स्नायूंतील द्रव्ये रक्तात उतरून मूत्रपिंडे निकामी करतात.

म्हणूनच प्राणी पाण्यात परत सोडला म्हणजे वाचला, असे होत नाही. नोव्हेंबर २०२३ मध्ये गणपतीपुळ्याला देवमाशाचे पिलू वाळूत रुतले. त्याच्यावर सतत पाणी मारण्यात आले आणि अखेर टगबोटीच्या मदतीने ते समुद्रात ओढून नेण्यात आले. ते पुन्हा किनाऱ्याला आले आणि दगावले.

असा प्राणी दिसल्यास वनविभागाला कळवावे. अंग ओले आणि सावलीत ठेवावे, डोक्यावरील श्वासरंध्रात पाणी किंवा वाळू जाऊ देऊ नये, शेपटीला दोर बांधून ओढू नये आणि गर्दी दूर ठेवावी. समुद्रातील मृत्यू टाळायचे तर सुरुवात जाळ्यापासून करावी लागते. संरक्षित प्राणी सोडवण्यासाठी जाळे कापणाऱ्या मच्छीमाराला महाराष्ट्र शासन २०१८ पासून २५ हजार रुपयांपर्यंत भरपाई देते. कलेवर पुरण्यापूर्वी शवविच्छेदन होणेही तितकेच गरजेचे आहे. जाळ्याचे वळ आणि मोडलेली हाडे यांसारख्या खुणांवरूनच मृत्यूचे कारण ठरवता येते, आणि शरीर कुजल्यावर यांतील बऱ्याच खुणा उरत नाहीत.